युनिट टेस्टिंगची सुरुवात कोणत्या साधनाने करावी?

नवशिका_नाशिक: मी साध्या जावास्क्रिप्टमध्ये किराणा दुकानासाठी बिले करणारे संकेतस्थळ लिहिले आहे. जीएसटीच्या हिशेबाला हात लावला की प्रत्येक पान उघडून तपासावे लागते, म्हणून युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा भाग आपोआप तपासणारा कोड) लिहायला शिकायचे आहे. नोड २० (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आहे, पण खर्च करायचा नाही. कोणते साधन घ्यावे?

कोडकरी: टेस्ट चालवायला जेस्टच घ्या. मॉक (खऱ्या भागाच्या जागी वापरायचा नकली भाग), कव्हरेज (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या याचे प्रमाण) सगळे एकाच ठिकाणी मिळते. मी सशुल्क अभ्यासक्रम करून शिकलो आणि पैसे पुरेपूर वसूल झाले. तुम्हीही थोडा खर्च कराच.

रानवारा: नव्या प्रकल्पाला व्हीटेस्ट उत्तम. लिहिण्याची पद्धत बरीचशी जेस्टसारखीच आहे आणि फाइल सेव्ह करताच संबंधित टेस्ट पुन्हा चालतात.

रात्रपाळी: मॉकच्या नादी लागू नका. आमच्याकडे डेटाबेसचा मॉक करून लिहिलेल्या सगळ्या टेस्ट पास होत्या, पण खऱ्या टेबलातील रकान्याचे नाव बदलले होते आणि ग्राहकाचे बिलच निघेना. वर साहेबांना कव्हरेज १०० टक्के हवे. ओळ चालली म्हणजे उत्तर तपासले गेले असे होत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

कोडकरी: हा मॉकचा दोष नाही, इंटिग्रेशन टेस्ट (खरे भाग एकत्र जोडून तपासणाऱ्या टेस्ट) नसण्याचा आहे. जेस्टमध्ये त्याही लिहिता येतात.

माळावरचा: साधन कोणतेही घ्या, पण आधी हिशेब पानापासून वेगळा काढा: रक्कम व दर घेऊन कर परत देणारे फंक्शन, ज्यात डेटाबेसही नाही आणि बटणही नाही. २०.१० रुपयांवर ५ टक्के कर १.००५ रुपये होतो, म्हणजे पूर्णांकित करून १.०१ अपेक्षित आहे. मात्र जावास्क्रिप्टमध्ये १.००५ ला १०० ने गुणले की १००.४९९९९९९९९९९९९९ मिळते आणि राउंड केल्यावर एक पैसा कमी भरतो. अशा रकमेची टेस्ट आधी लिहा. मग सगळा हिशेब पैशांत करा: २०१० गुणिले ५, भागिले १०० म्हणजे नेमके १००.५, आणि राउंड केल्यावर १०१ पैसे. शून्य रक्कम आणि शून्य दर यांच्याही टेस्ट लिहा.

रानवारा: हेच व्हीटेस्टमध्ये फार सुटसुटीत लिहिता येते.

नवशिका_नाशिक: सर्वांचे आभार. मी जेस्ट किंवा व्हीटेस्ट घेणार नाही, कारण नोड २० मध्ये टेस्ट चालवण्याची सोय मुळातच आहे आणि तिच्यासाठी वेगळे काहीच इन्स्टॉल करावे लागत नाही. कराचे फंक्शन आजच वेगळे काढतो आणि २०१० पैशांची टेस्ट पहिली लिहितो.