टीम ऑर्डर: आदेश, हुकूम की आणखी काही?

तळटीप
2002 च्या ऑस्ट्रियन ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीवरचा एक लेख मराठीत करते आहे आणि एका शब्दावर अडले आहे. प्रसंग तुम्हाला माहीतच असेल. 12 मे 2002, ए-वन रिंगचा ट्रॅक. रुबेन्स बॅरिकेलो पोलवरून, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवरून निघाला, शर्यत त्याच्या हातात होती, आणि शेवटच्या वळणानंतर अंतिम रेषेच्या तोंडाशी त्याने वेग कमी केला. मायकेल शूमाकर 0.182 सेकंदाने जिंकला. दोघंही फेरारीचे चालक, आणि शूमाकरला पुढे जाऊ दे असं टीमनेच बॅरिकेलोला सांगितलं होतं. याला मी 'टीम ऑर्डर' असंच लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'संघादेश' केलं. मला ते परिपत्रकाच्या भाषेतलं वाटतं. याला बरा मराठी शब्द आहे का? आणि दुसरं: 'बॅरिकेलोने शूमाकरला पुढे जाऊ दिलं' या वाक्यात काहीतरी राहून जातंय असं वाटतं. काय ते सापडत नाहीये.

काना_मात्रा
संपादकांचं बरोबर आहे. विधिमंडळाच्या बातम्यांत 'पक्षादेश' रोज वाचतो की आपण. पक्षाने काढायचा, सदस्याने पाळायचा, मोडला तर कारवाई. टीम ऑर्डर म्हणजे नेमकं हेच. 'पक्षादेश' पहिल्यांदा छापला तेव्हा तोही असाच खटकला असेल. वापरलाच नाही तर शब्द रुळणार कधी?

चौथा_गियर
पक्षादेश आधी बजावतात, कागदावर असतो. टीम ऑर्डर धावत्या गाडीत रेडिओवरून येते, तीही शेवटच्या काही लॅप (फेऱ्या) उरलेल्या असताना. शर्यत बघणारा प्रत्येक मराठी माणूस 'टीम ऑर्डर' म्हणतो आणि त्याला त्याचा अर्थ नीट कळतो. लॅप, पिट, पोल, टायर हे सगळं तसंच ठेवायचं आणि एवढ्या एकाच शब्दाला सोवळं नेसवायचं, याला काय अर्थ आहे? शिवाय फेरारीला 'संघ' कोण म्हणतं?

काना_मात्रा
मग 'चमू' म्हणा.

शब्दमळा
चमू कृपा करून नको. जुन्या सैन्यगणनेत चमू म्हणजे 729 रथ, 729 हत्ती, 2187 घोडे आणि 3645 पायदळ. दोन गाड्यांच्या टीमला तो शब्द फार मोठा होतो.
पण 'आदेश' मला आवडला आहे, आणि कारण वेगळं आहे. पाणिनीच्या व्याकरणात आदेश म्हणजे आज्ञा नव्हे. एका वर्णाला उठवून त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो, तो आदेश. इति + आदि = इत्यादि, इथे 'इ' गेला आणि 'य्' बसला. जुने वैयाकरण म्हणतात, 'मित्रवदागमः, शत्रुवदादेशः'. आगम मित्रासारखा शेजारी येऊन बसतो, आदेश शत्रूसारखा जागाच घेतो. पहिल्या क्रमांकावर बॅरिकेलो होता, त्याच्या जागी शूमाकर आला. याहून चपखल शब्द मला तरी सुचत नाही.

वाटसरू_
नाथपंथी एकमेकांना भेटल्यावर 'आदेश' म्हणतात, तो यातलाच का?

शब्दमळा
रूप तेच, पण त्याचा अर्थ पंथातले लोक फार निराळा लावतात. त्यावर स्वतंत्र चर्चा करू.

हुकमीपत्ता
इतकी शोधाशोध कशाला? 'हुकूम' आहे ना! अरबीतून आला, पण आता घरातलाच झाला आहे. आणि पत्त्यांतला हुकूम आठवा. हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. पत्ता केवढा आहे ते कोणी विचारत नाही, रंग कोणता ते विचारतात. ऑस्ट्रियात बॅरिकेलो त्या दिवशी सरस होता, पण हुकूम शूमाकरच्या रंगाचा होता. 'फेरारीचा हुकूम आला' असं लिहा, एकही वाचक अडखळणार नाही.

उत्तररात्र
त्या रविवारी मी एका दैनिकाच्या क्रीडा पानावर रात्रपाळीला होतो. शर्यत आपल्याकडे संध्याकाळी संपली, त्यामुळे मथळ्यावर वाद घालायला वेळ होता आणि तो आम्ही घातला. शेवटी छापलं गेलं 'शूमाकर विजयी, बॅरिकेलोचा त्याग'. 'त्याग' हा शब्द मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. सांगून करवून घेतलेला तो त्याग कसला?
त्याग बघायचा तर 1956 सालची मॉन्झाची शर्यत बघा. फेरारीच्या फांजिओची गाडी बिघडली. त्या काळी सहकाऱ्याची गाडी मधूनच घेणं नियमात बसायचं. त्याचा सहकारी लुइजी मुसो पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या टीमच्या थांब्यावर) आला, पण तो गाडीतून उतरेना. मग दुसरा सहकारी पीटर कॉलिन्स आला. त्याला स्वतःलाच विश्वविजेता होण्याची संधी होती, तरी तो उतरला आणि आपली गाडी त्याने फांजिओच्या हवाली केली. फांजिओ दुसरा आला, विजेतेपदही त्यालाच मिळालं. मुसो आणि कॉलिन्स, दोघांपुढे 'नाही' म्हणायची वाट होती. मुसोने ती घेतली म्हणून तर कॉलिन्सच्या उतरण्याला त्याग म्हणता येतं. बॅरिकेलोपुढे ती वाट किती उघडी होती?

चौथा_गियर
आणि गरज काय होती? त्या मोसमातल्या आधीच्या पाच शर्यतींत शूमाकरने चार जिंकल्या होत्या, 44 गुण झाले होते. पुढे जुलैत फ्रान्सलाच तो विश्वविजेता ठरला, सहा शर्यती शिल्लक असताना. ऑस्ट्रियातले चार गुण इकडचे तिकडे झाल्याने काहीही अडलं नसतं. मला याचा अजून संताप येतो.

घाटवाट
मराठीत तयार शब्द आहे आणि तो कोणीच घेत नाहीये. नुरा कुस्ती!

उत्तररात्र
नाही, घाटवाट. नुरा कुस्तीत दोन्ही पैलवानांचं आतून ठरलेलं असतं आणि फसवायचं असतं प्रेक्षकाला. इथे प्रेक्षकांना सगळं डोळ्यांदेखत दिसलं, म्हणून तर त्यांनी हुर्यो केली. पोडियमवर शूमाकरने बॅरिकेलोला वरच्या पायरीवर उभं केलं, विजेत्याचा करंडकही त्याच्या हातात दिला. दहा लाख डॉलरचा दंड झाला (त्यातला निम्मा स्थगित), तो या पोडियमवरच्या प्रकारासाठी. टीम ऑर्डर तेव्हा नियमाविरुद्ध नव्हतीच. बंदी नंतर आली, 2003 च्या मोसमापासून.

उजळणी
तळटीप, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी पाहिलंच नाही. मला तोच खरा प्रश्न वाटतो.
'पुढे जाऊ दिलं' यात देणाऱ्याची मर्जी आहे. 'पुढे जाऊ द्यावं लागलं' यात सक्ती आली, पण सक्ती कोणाची ते झाकलेलं राहिलं. 'फेरारीने बॅरिकेलोला वाट सोडायला लावली' म्हटलं की कर्ताच बदलतो. घटना एकच, पण क्रियापद बदललं की आरोपी बदलतो. नाम 'संघादेश' ठेवा नाहीतर 'टीम ऑर्डर' ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण बॅरिकेलोच्या वाक्यात 'दिलं' लिहू नका, तो त्याच्यावर अन्याय होईल.

हुकमीपत्ता
पाय त्याचाच होता ना पण? 'द्यावं लागलं' म्हटलं की तो अगदीच सुटतो. 2013 मध्ये मलेशियात रेड बुल टीमच्या दोन चालकांपैकी वेबर पुढे आणि व्हेटेल मागे राहील असं ठरलं होतं. 'मल्टी 21', म्हणजे दोन नंबरची गाडी एक नंबरच्या पुढे. व्हेटेलने ते मानलं नाही, वेबरला मागे टाकून जिंकला. मोडणारे मोडतात.

उजळणी
व्हेटेल तेव्हा तीन वेळचा विश्वविजेता होता. मोडण्याची ऐपत सगळ्यांची सारखी नसते.

चौथा_गियर
याच ए-वन रिंगवर 2001 मध्ये दुसऱ्या स्थानासाठी हेच झालं होतं. फेरारीचा प्रमुख जाँ टॉड याचा रेडिओवरचा आवाज सगळ्यांनी ऐकला, चॅम्पियनशिपसाठी मायकेलला पुढे जाऊ दे. मराठीत 'जाऊ दे' म्हणजे 'सोड आता, मनाला लावून घेऊ नकोस' असंही होतं. बॅरिकेलोला दोन्ही अर्थ लागू पडले. अनुवादात ते 'जाऊ दे' जसंच्या तसं ठेवा, त्याला 'मार्ग मोकळा कर' वगैरे करू नका.

तळटीप
हे फार उपयोगी आहे. लेखात 2002 च्या ब्राझिलियन समालोचनाचाही उल्लेख आहे. क्लेबेर माशादो शेवटच्या वळणावर ओरडतो, 'आज नाही! आज नाही!' आणि मग आवाज पडतो, 'आज हो... आज हो?' आदल्या वर्षी दिलं होतं, यंदा देणार नाही, असा त्याचा भरवसा होता. पण 'आज हो' मराठीत लंगडं पडतं. 'नाही'ला मराठी माणूस 'हो'ने उलटवत नाही, क्रियापद परत आणतो.

उजळणी
'आज नाही! आज नाही! आज... दिलं. आज दिलं?' असं करून पाहा. आणि बघा, इथे 'दिलं'च लागतं. समालोचकाच्या तोंडी चालेल, तुमच्या स्वतःच्या वाक्यात नको.

काना_मात्रा
मूळ मुद्दा नामाचा होता. बंदी घातली ती 'टीम ऑर्डर'वरच, म्हणजे नियमाला नाम लागतंच. क्रियापदावर दंड करता येत नाही.

शब्दमळा
पण बंदी आली आणि आज्ञार्थच नाहीसा झाला, हे पाहा ना. हॉकेनहाइम, 25 जुलै 2010. फेरारीचाच मासा पुढे होता, फर्नांडो अलोन्सो मागे. रेडिओवर मासाचा इंजिनिअर रॉब स्मेडली एकेक शब्द सुटा करून सांगतो, फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. निरोप समजला का, तेवढं सांग. यात 'जाऊ दे' नाही, 'थांब' नाही, नुसतं एक विधान आहे. मासाने 49 व्या लॅपला वाट सोडली. जुन्या काव्यशास्त्रात 'सूर्य मावळला' या वाक्याचं उदाहरण देतात. ऐकणारा जो असेल तसा अर्थ घेतो, कोणी संध्येला बसतो, कोणी गुरं आवरतो. ही व्यंजना. फेरारीला लाख डॉलर दंड झाला, म्हणजे पंचांनी व्यंजनेलाच आज्ञा मानलं. आणि 2011 पासून बंदीच काढून टाकली. आदेश, हुकूम, फर्मान यातला कुठलाही शब्द हॉकेनहाइमला पुरत नाही, कारण तिथे आज्ञा शब्दांत नव्हतीच. मासाचा जिवावर बेतलेला अपघात बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला हंगेरीत झाला होता. हे वाक्य त्याला त्या दिवशी ऐकावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं.

घाटवाट
मग 'इशारा' म्हणा.

काना_मात्रा
इशाऱ्यात धमकी येते.

घाटवाट
'खूण' मग.

उत्तररात्र
खुणेवरून आठवलं. 1982, इमोला. फेरारीने पिटमधून आपल्या दोन चालकांना, व्हिलनव्ह आणि पिरोनीला, पाटी दाखवली, एकच शब्द: स्लो. व्हिलनव्हने तिचा अर्थ घेतला की आता क्रम बदलायचा नाही, तो पुढे आहे म्हणजे तोच जिंकणार. पिरोनीने घेतला की फक्त गाडी सांभाळायची. पिरोनी शेवटच्या लॅपला पुढे गेला. व्हिलनव्ह त्याच्याशी पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून गेला, आणि 8 मे रोजी झोल्डरला पात्रता फेरीत त्याचा अपघात होऊन तो गेला. तिथे वाद होता तो त्या पाटीवरच्या एका शब्दाच्या अर्थाचा. ती पाटी मराठीत काय लिहाल?

चौथा_गियर
'सावकाश'.

काना_मात्रा
'हळू'. सावकाशमध्ये 'सवडीने' आहे. शर्यतीत सवड कुठली?

चौथा_गियर
सवडीनेच! मागचा गाठू शकत नाही, इंजिन जपा, हाच तर पाटीचा अर्थ होता. 'हळू' म्हणजे निव्वळ वेग कमी कर. तुमच्या पाटीने पिरोनी बरोबर ठरतो.

शब्दमळा
मला नाही वाटत. 'सावकाश'मध्येही 'पुढे जाऊ नकोस' कुठे आहे? व्हिलनव्हचा अर्थ त्या शब्दात नव्हता, फेरारीच्या रिवाजात होता. तो शब्दात आणायचा तर 'जागा धरा' असं काहीतरी लिहावं लागेल.

हुकमीपत्ता
तसं लिहिलं की तो हुकूमच झाला.