अनुभव धागा: स्मार्टवॉच पुरुषी, बायकी की मनगटाच्या मापाचं?

मागच्या आठवड्यात वहिनीसोबत स्मार्टवॉच बघायला गेले होते. तिने काळं गोल घड्याळ उचललं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते जेंट्स आहे," आणि गुलाबी पट्ट्याचं समोर ठेवलं. वहिनी रोज पहाटे धावते, तिला बॅटरी टिकणारं हवं होतं. घड्याळ लहान केलं की आत बॅटरीही लहानच मावते, आणि लेडीज म्हणून दाखवली ती सगळी लहान. तुम्ही निवडताना काय पाहिलंत? वापरताना काय जाणवलं? सविस्तर लिहा.

*

माझं मनगट 14 सेंमी. नवऱ्याने हौसेने 46 मिमीचं आणलं. पोळ्या लाटताना मनगट मागे वाकलं की बाजूचं बटण हातात रुतायचं आणि मधेच व्हॉइस असिस्टंट बोलायला लागायचा. रंगाबद्दल माझी तक्रार नव्हतीच. गार्मिनचं 2021 मध्ये आलेलं लिली, 34 मिमीचं, घालून पाहिलं आणि हातात घड्याळ आहे हेच विसरले.

*

मी पुरुष, मनगट बारीक. ॲपलचं 41 मिमीचं घेतलं तर ऑफिसात "बायकोचं घातलंस का?" खरंच लागलं मनाला. घरी येऊन बाबांचं चावीचं एचएमटी पट्टीने मोजलं, 35 मिमी भरलं! बाबांनी ते नोकरीभर वापरलं, बायकी कुणी म्हटलं नाही. ॲपलचं पहिलं घड्याळ 2015 मध्ये आलं तेव्हाही 38 आणि 42 मिमी एवढीच मापं होती. जेंट्स-लेडीज आपणच चिकटवलं.

*

बांगड्यांचं अजून कुणीच लिहिलं नाही. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश रक्तात किती शोषला जातो, त्यावरून ठोके मोजतात. त्यासाठी पाठ कातडीला नीट टेकावी लागते. लग्नानंतर दोन्ही हातांत हिरवा चुडा होता, तो घड्याळाला सारखा ढकलायचा. एकदा शांत बसलेली असताना 130 ठोके दाखवले, घाबरून नणंदेला उठवलं. चुड्याच्या वर, कोपराकडे घट्ट बांधल्यावर आकडे ताळ्यावर आले. म्हणून ब्रेसलेटसारख्या सैल सोनेरी साखळीचं घड्याळ 'खास तिच्यासाठी' म्हणून विकतात, त्याचा मला राग येतो. दिसतं सुंदर, पण जे मोजायला घेतलं तेच धड मोजत नाही.

*

वरच्या ऑफिसवाल्यांसाठी: पहिल्या महायुद्धाआधी मनगटी घड्याळ हाच बायकांचा दागिना समजला जायचा, पुरुषांचं घड्याळ खिशात असे. खंदकातल्या सैनिकांना हात मोकळे हवे होते, तेव्हा ते पुरुषांच्या मनगटावर रुळलं.

*

माझ्या आईने, वय 71, दुकानातलं सगळ्यात मोठं घेतलं. आकडे चष्म्याशिवाय दिसतात म्हणून. काळा पट्टा मात्र तिने दुसऱ्याच दिवशी बदलून मरून लावला, इरकलीच्या काठाशी जुळवून.