.३२ पिस्तूल जवळ बाळगतो, त्यात काडतुसं कोणती भरावीत?

डिचोलीचा काजूवाला

नमस्कार मंडळी. डिचोलीत आमचं काजूबियांच्या खरेदीचं दुकान आणि मागे गोदाम आहे. मार्च ते मे सत्तरीतल्या गावांतून लोक पोती घेऊन येतात आणि बहुतेकांना पैसे रोखच लागतात. त्यामुळे हंगामात सकाळी बँकेतून रक्कम आणायची आणि संध्याकाळी उरलेली घरी न्यायची, हे रोजचं काम. आधी काका हे करायचे. त्यांच्याकडे परवान्याचं .३२ पिस्तूल होतं. ते वारल्यावर पिस्तूल आणि काडतुसं पोलीस ठाण्यात जमा केली होती. आता माझ्या नावावर परवाना झालाय, प्रशिक्षणाचा दाखला जोडला, दोन्ही गोष्टी परवान्यावर रीतसर चढल्या आणि ताब्यात मिळाल्या.

प्रश्न काडतुसांचा आहे. काकांच्या वेळचा एक खोका अर्धा उरलाय, त्यातल्या काहींवर हिरवट डाग आलेत. दुकानदाराकडे खडकीच्या सरकारी कारखान्याची मिळतात, ती परवडतात. पण इंटरनेटवर बघावं तर सगळे एकच सांगतात: स्वसंरक्षणाला हॉलो पॉइंटच (पोकळ तोंडाची, लागल्यावर उमलणारी गोळी) हवं, साधी गोळी फक्त सरावापुरती. आणि .३२ मध्ये मुळात दमच नाही, असंही वाचलं. मला नेमबाज व्हायचं नाही. वेळ आलीच तर बार फुसका निघू नये आणि खर्च आवाक्यात राहावा, एवढंच पाहिजे. वर्षाला मिळणारी काडतुसंही मोजकीच. जाणकारांनी सांगावं.

पेडण्याचा तारवटी

दादा, मी बोटीवर असतो. आमची बोट अमेरिकेत लागते तिथे .३२ चे हॉलो पॉइंट साध्या दुकानात मिळतात. सुट्टीवर येणारा ओळखीचा कोणीतरी थोडे आणू शकेल. जिवाच्या गोष्टीत स्वस्त-महाग बघू नये असं मला वाटतं.

माशेलचा आर्मरर

तारवटी बाब, तुम्ही आपुलकीनं सांगितलंत, पण हे कोणीही करू नका. शस्त्र कायद्याच्या कलम १० प्रमाणे दुसऱ्यासाठी बाहेरून काडतूस आणायचं तर आयातीचा परवाना लागतो, मग ते एक असो की शंभर. मोपा किंवा दाबोळीला बॅगेत सापडलं तर बोटीवरची नोकरी धोक्यात येईल, आणि ज्याच्यासाठी आणलं त्याचा परवानाही.

आता काजूवाले, तुमचं. मी फौजेत आर्मरर होतो, हत्यारं तपासण्यातच नोकरी गेली. सध्या कुळागर (बागायत) सांभाळतो, पण गावातले परवानेवाले अजून विचारायला येतात. त्यांना सांगतो तेच तुम्हाला: खडकीची घ्या. सरावाला तीच आणि कमरेलाही तीच, शक्यतो एकाच लॉटची.

अमेरिकेतला सल्ला खोटा नाही, फक्त तो प्रामुख्याने ९ मिमीच्या पिस्तुलाचा आहे. ते ९ मिमी पॅराबेलम आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) मोडतं. .३२ हे ब्राउनिंगनं १८९९ च्या सुमाराला काढलेलं काडतूस. गोळी ७१ ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या थोडी वर. वेग सेकंदाला २७५ ते ३०० मीटर धरा, ऊर्जा पावणेदोनशे ते दोनशे ज्यूल. ९ मिमीची पाचशेच्या आसपास जाते. हॉलो पॉइंटला उमलण्यासाठी वेग लागतो आणि .३२ च्या तोकड्या नळीतून तो पुष्कळदा पुरत नाही. मग दोनातलं एक होतं. एक तर गोळीचं पोकळ तोंड कपड्याच्या चिंध्यांनी बुजतं आणि ती साध्या गोळीसारखीच जाते, किंवा ती उमलते आणि खोल जाण्याआधीच थांबते. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेनं काडतुसांच्या चाचणीचे नियम बसवले. त्यात मांसाच्या जागी वापरलेल्या १० टक्के जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ इंच जावी असा निकष आहे. .३२ मधली उमललेली गोळी बहुधा तिथवर पोचत नाही, पूर्ण कवचाची (शिशावर धातूचं आवरण असलेली) साधी गोळी पोचते. म्हणजे या बोअरमध्ये जी स्वस्त तीच कामाची.

मला स्वतःला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. या काडतुसाच्या बुडाची कडा अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या पेटीत) वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढेच बसली पाहिजे. हॉलो पॉइंटची एकूण लांबी बहुतेक वेळा कमी असते, त्यामुळे मॅगझिनमध्ये पुढेमागे जागा राहते. चालताना, स्कूटरवर हादरे बसताना ती काडतुसं सरकतात आणि वरची कडा खालच्या कडेच्या मागे जाऊन अडकते. एकदा अशी कडी बसली की स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) कितीही ओढा, काडतूस पुढे येत नाही, मॅगझिनच बदलावी लागते. गोल नाकाची पूर्ण लांबीची गोळी जागा भरून काढते, म्हणून तिच्यात हा धोका कमी. तरी मॅगझिन भरताना प्रत्येक कडा डोळ्यानं बघा, आणि दुसरी भरलेली मॅगझिन जवळ ठेवा.

दुकानात एक गोष्ट बघून घ्या. परवान्यावर नुसतं ".३२" लिहिलेलं असतं आणि .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं असतं. त्याची पितळी नळकांडी २३ मिमीच्या वर, गोळी बहुधा उघड्या शिशाची. पिस्तुलाची नळकांडी १७ मिमी आणि काडतूस एकंदर २५ मिमीच्या आत. खोक्यावर ७.६५ मिमी पिस्तूल असं वाचूनच पैसे द्या. बुडावर केएफ म्हणजे खडकी. हा १८६९ चा जुना कारखाना, ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

घरी आणल्यावर काय करायचं ते नीट सांगतो, कारण इथेच लोक घाई करतात. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं बघा, बोट घालून पुन्हा खात्री करा, मग पिस्तूल उघडून नळी वेगळी काढा. नळी उभी धरून एकेक काडतूस चेंबरमध्ये सोडा. चांगलं काडतूस स्वतःच्या वजनानं टक् करून बसतं आणि नळी उलटी केली की तसंच बाहेर येतं. जे अंगठ्यानं दाबावं लागतं ते कमरेला लावायचं नाही. मग बुडाच्या मधोमध जी टोपी असते तिच्यावरून नख फिरवा. टोपी बुडाच्या सपाटीत किंवा केसभर आत हवी. वर आलेली लागली तर ते काडतूस बाजूला. शेवटी गोळी चिमटीत धरून हलकेच फिरवून बघा, ती जराही हलता कामा नये. यातून पार झालेली काडतुसं वेगळ्या डबीत ठेवा.

रेंजवर दोनशे-तीनशे झाडून खात्री करा हा सल्ला आपल्या कोट्यात बसत नाही. प्रत्येक मॅगझिन दोनदा पूर्ण भरून परवानगी असलेल्या रेंजवर झाडा, तेवढ्यात बरंचसं कळतं. एकदा जरी अडकलं तर कोणती मॅगझिन होती ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा दोष मॅगझिनच्या ओठांत किंवा स्प्रिंगमध्ये निघतो आणि बिचाऱ्या काडतुसाला शिव्या बसतात. बाकीचा सराव घरी, नकली काडतुसं घालून. चाप ओढण्याचं वळण त्यानं लागतं आणि खरं काडतूस खर्च होत नाही. आणि बागायतीत नारळावर बार काढून बघायचं मनातही आणू नका.

रेंजवर चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी समोर धरून अर्धा मिनिट तसेच थांबा, मग काडतूस काढा. आवाज नेहमीपेक्षा दबका, फुस्स असा आला, तर पुढचा बार अजिबात काढू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढच्या बाराला नळी फाटते.

पावसाळ्याचं वेगळं. आपल्या हवेत जून ते सप्टेंबर पितळेची समई कशी कळकते ते घरोघरी माहीत आहे. काडतूसही पितळेचंच. चामड्याच्या पट्ट्यात किंवा पाकिटात ते कायमचं ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेल्या क्षारांनी हिरवा थर लवकर धरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. हात घामेजले असतील तर भरण्याआधी पुसा. आणि काडतुसाला तेल लावू नका. गंजू नये म्हणून मॅगझिनसकट सगळ्यावर तेल फवारणारे मी पाहिलेत. पातळ तेल टोपीच्या कडेनं आत उतरतं आणि दारू नासते. पिस्तूल पुसल्यावर कोरड्या फडक्यानं चेंबर आणि मॅगझिन पुसून मगच भरा. पाऊस सरला की कमरेची काडतुसं रेंजवर झाडा आणि नवी भरा. सराव आणि बदली एकाच खर्चात होतात, म्हणूनच वर म्हटलं की दोन्हीकडे एकच काडतूस ठेवा.

काकांचा खोका कमरेला लावू नका. स्वच्छ, पिवळी राहिलेली तेवढी वर सांगितल्याप्रमाणे तपासून सरावाला वापरा.

मडगावची वकील

आर्मररकाकांनी काडतुसाचं नीट सांगितलं, कायद्याचं मी थोडक्यात जोडते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिच्यात खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ मध्ये होतं. कलम ३७ सांगतं की बचावापुरती लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. कलम ३८ मध्ये जीव घेण्यापर्यंत हक्क कधी पोचतो ते दिलंय: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वगैरे. जबरी चोरीचा उल्लेख मालमत्तेच्या संरक्षणाच्या कलम ४१ मध्ये आहे. पण पिशवी हिसकावून पळत सुटलेल्या माणसाच्या पाठीत गोळी घातली, तर न्यायालयात ते पटवून देणं फार अवघड जाईल. रोख रक्कम पुन्हा मिळवता येते.

आणखी एक. परवान्यावर क्षेत्र कोणतं लिहिलंय ते वाचा. फक्त गोवा असेल तर पत्रादेवीपलीकडे बांद्याला किंवा अनमोडवरून बेळगावला जाताना पिस्तूल बरोबर नेता येणार नाही. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती घेता येतील, हे दोन्ही आकडेही तिथेच असतात. प्रत्येक खरेदीची पावती जपा, झाडलेल्या काडतुसांची तारखेवार नोंद ठेवा. गोदामातल्या माणसाला, सख्ख्या भावालासुद्धा, "आज तू घेऊन जा" म्हणून पिस्तूल देऊ नका.

डिचोलीचा काजूवाला

काका, ताई, मनापासून आभार. काल रात्री टेबलावर वर्तमानपत्र पसरून सांगितल्याप्रमाणे तपासलं. नव्या खोक्यातली एक सोडून सगळी टक् करून बसली. त्या एकाची टोपी नखाला लागत होती. जुन्यातली बरीच पिवळी आहेत, पण काहींवर डाग पुसूनही खड्डे दिसतात. आणखी एक दिसलं: आमचे काका रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी पुन्हा भरायचे, आणि जुन्यातल्या दोन काडतुसांची गोळी इतरांपेक्षा आत दबलेली आहे. ती वापरू का? आणि चेंबरमध्ये काडतूस ठेवून फिरावं की नाही?

माशेलचा आर्मरर

बरं झालं बघितलंत. तेच काडतूस रोज चेंबरमध्ये चढवलं की त्याचं नाक दर वेळी चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतरणीवर आपटतं आणि गोळी हळूहळू आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, कधी कधी धोक्याइतका. ती दोन झाडू नका. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडायची सवय लावा, पाच सेकंदांचं काम आहे.

चेंबरचं म्हणाल तर जुन्या घडणीच्या .३२ मध्ये चेंबर रिकामंच ठेवा. पिस्तूल पडलं तर फायरिंग पिनला (टोपीवर आदळणाऱ्या सुईला) रोखणारी वेगळी अडकण त्यातल्या बऱ्याच पिस्तुलांत नसते. मॅगझिन भरलेली, चेंबर रिकामं, आणि स्लाइड ओढून सज्ज होण्याचा सराव नकली काडतुसांवर. त्यात तुमचं रोजचं चढवणं-उतरवणंही आपोआप टळतं.

खड्डे पडलेली, गोळी दबलेली आणि टोपी वर आलेलं ते एक, सगळी वेगळी बांधा, परवाना बरोबर घ्या आणि विक्रेत्याला दाखवा. तो जमा करून घेत नसेल तर पोलीस ठाण्यात द्या आणि संख्या लिहिलेली पोच घ्या, म्हणजे परवान्यावरचा हिशोब जुळेल. नदीत किंवा विहिरीत टाकायची नाहीत.