शब्दचर्चा : ‘पट्टी’ म्हणजे मोजपट्टी नव्हे?

प्रश्न : भूमितीतल्या रचना नव्याने शिकायला घेतल्या आणि पहिल्याच उदाहरणात अडलो. ‘पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने रेख अबचा मध्यबिंदू काढा.’ मी मोजलं, ८ सेमी भरलं, ४ वर टिंब दिलं. तर म्हणे चूक! मोजायचंच नव्हतं तर पट्टी दिली कशाला? या पट्टीला वेगळा शब्द आहे का?

प्रतिसाद १ : तिच्यावर आकडे नाहीतच असं धरायचं. दोन बिंदू जोडणं आणि रेषा हवी तेवढी वाढवणं, एवढंच तिचं काम. घोळ शब्दाचाच आहे. ‘मोजपट्टी’ आपण रोजच्या बोलण्यात ‘पट्टी’ करून टाकली, त्यामुळे खरीखुरी पट्टी बेवारस झाली. मी ‘कोरी पट्टी’ म्हणतो.

प्रतिसाद २ : ‘कोरी’ आवडलं. कारण नुसत्या दोन खुणांनी खेळ बदलतो. पट्टी आणि कंपासाने प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करता येतातच असं नाही, हे फ्रेंच गणिती वान्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. (९०° चे होतात, ६०° चे नाही.) आता पट्टीवर वर्तुळाच्या त्रिज्येइतक्या अंतरावर दोन खुणा करा. ओ केंद्र, अ आणि ब वर्तुळावर, अओ ही रेषा ओच्या पलीकडे वाढवलेली. पट्टी बमधून जाऊ द्या आणि एक खूण वर्तुळावर, दुसरी त्या वाढवलेल्या रेषेवर येईपर्यंत सरकवा. त्या दुसऱ्या खुणेशी जो कोन होतो, तो कोन अओबचा नेमका तिसरा हिस्सा! ही युक्ती आर्किमिडीजच्या नावावर आहे. म्हणून खुणेची पट्टी वर्ज्य.

प्रतिसाद ३ : ‘कंपास’चंही तेच. ‘कंपास आण’ म्हटलं की अख्खी पेटी येते. ‘कर्कटक’ हा किती छान शब्द! कर्कट म्हणजे खेकडा, पाय फाकलेला. पण पाठ्यपुस्तकांनी तो दोन्ही टोकं अणकुचीदार असलेल्या साधनाला दिला, आणि पेन्सिलवाला परका तो परकाच राहिला.

प्रतिसाद ४ : मला खटकतं ते ‘काढा’. चित्रही काढायचं आणि मध्यबिंदूही काढायचा? ‘रचना करा’ म्हटलं की प्रत्येक बिंदू कुठून आला ते सांगणं आलं. माझा खरा आवडता शब्द मात्र ‘कच्ची आकृती’. बाहेरच्या प बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका हवी आहे ना, मग ती आधी हातानेच, अंदाजाने काढून टाकायची. स्पर्शबिंदू स. केंद्र ओ आणि स जोडले की सशी काटकोन दिसतो. काटकोन म्हटल्यावर अर्धवर्तुळ आठवायला हवं, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोनच असतो : ओप व्यास धरून वर्तुळ काढा, ते मूळ वर्तुळाला जिथे छेदेल तिथे स. एक नाही, दोन मिळतात. सरळ पक्क्या आकृतीला हात घालणारे इथे तासभर बसतात.

मूळ प्रश्नकर्ता : कोरी पट्टी घेऊन बसलो. पुस्तकात लिहिलंय, ‘अबच्या निम्म्याहून जास्त त्रिज्या घेऊन दोन्ही टोकांपासून कंस काढा.’ पहिल्यांदा कंस एकमेकांना भेटलेच नाहीत, कंपास कमी उघडला होता. पण निम्मं कुठे तेच तर शोधतोय! ‘निम्म्याहून जास्त’ कसं कळायचं?

प्रतिसाद १ : टोक अवर ठेवा, पेन्सिल बपर्यंत उघडा. संपूर्ण अब हा निम्म्याहून जास्तच असतो. तेवढ्याच त्रिज्येने बकडूनही कंस काढा. वर एक, खाली एक असे दोन समभुज त्रिकोण होतील. त्यांचे वरचा आणि खालचा शिरोबिंदू कोऱ्या पट्टीने जोडा; ती रेषा अबला जिथे छेदेल तोच मध्यबिंदू. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातली पहिली रचना हाच समभुज त्रिकोण आहे.

मूळ प्रश्नकर्ता : जमलं. मग राहवलं नाही, मोजून पाहिलं. ४ च आलं.