पेडॉट आणि पी३एचटी:पीसीबीएम इंकजेटने छापताना कडा जाड, मध्य पातळ, नोझल बंद: काय बदलू?

मल्लिनाथ_एमएस्सी
नमस्कार मंडळी. सोलापुरात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सेंद्रिय सौरघट छापतोय. आयटीओ काच (पारदर्शक वाहक थर दिलेली), त्यावर पेडॉट:पीएसएस (पाण्यातलं वाहक पॉलिमर, एआय ४०८३ हा प्रकार), त्यावर पी३एचटी:पीसीबीएम (प्रकाशाची वीज करणारा सक्रिय थर, म्हणजे पॉलिमर आणि फुलरीनचं मिश्रण), शेवटी ॲल्युमिनियम. प्रिंटर डिमॅटिक्स (प्रयोगशाळेतला इंकजेट), १० पिकोलिटरचं कार्ट्रिज, थेंबांतलं अंतर २० मायक्रॉन. सक्रिय थराची शाई क्लोरोबेंझिनमध्ये, दोन्ही मिळून २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. स्पिन कोटिंगला हीच शाई उत्तम चालते. छापली की पेडॉटच्या कडेला जाड कंगोरा येतो, सक्रिय थर पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो आणि १६ पैकी निम्मी नोझल थोड्या वेळात बंद पडतात. खोलीत सध्या ३७-३८ अंश, हवा अगदी कोरडी. पुढे याच प्रिंटरवर एलईडीही करायची आहे. सुरुवात कुठून करू?

तनुजा_पातळथर
मल्लिनाथ, आधी जाडीचा हिशोब करा. १० पिकोलिटरचा थेंब २० बाय २० मायक्रॉनच्या चौकटीत पडला तर ओला थर २५ मायक्रॉनचा होतो. २० मिलिग्रॅमची शाई म्हणजे घनता १.२ धरून आकारमानाने साधारण १.७ टक्के घन. वाळल्यावर ४०० नॅनोमीटरच्या वर! तुम्हाला हवेत १५० ते २००. अंतर २५ मायक्रॉन करा (ओला थर १६ मायक्रॉन) आणि शाई १२ मिलिग्रॅमवर आणा, म्हणजे १६० च्या आसपास येईल. पेडॉटचंही तेच. बाटलीतला १.५ टक्के घन तसाच छापला तर हव्या त्या ४०-५० नॅनोमीटरच्या कितीतरी पट जाड बसतो. तो ०.३ ते ०.३५ टक्क्यांपर्यंत पातळ करायलाच हवा.

पातळ करताना नुसतं पाणी नको. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, इतका ताण असलेली शाई काचेवर नीट पसरत नाही. आयसोप्रोपेनॉल घातलं की ताण उतरतो, आणि ५ ते १० टक्के इथिलीन ग्लायकॉल कंगोऱ्यावर उपाय करतं. थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला आतला द्रव कडेकडे धावतो आणि सोबत घन पदार्थ नेतो. ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, म्हणून कडेला तेच उरतं. त्याचा ताण पाण्यापेक्षा कमी असल्याने पृष्ठभागावरचा प्रवाह उलटा, मध्याकडे वळतो. छापल्यावर १४० अंशांवर १५ मिनिटं द्या, नाहीतर ग्लायकॉल आत राहतं. एक सावधगिरी: ग्लायकॉलने पेडॉटची वाहकता वाढते, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या बाहेरचाही प्रवाह गोळा होतो आणि कार्यक्षमता फुगलेली दिसते. मोजताना काचेवर मास्क (इलेक्ट्रोडपुरतीच जागा उघडी ठेवणारं झाकण) ठेवाच.

क्लोरोबेंझिन सोडा. १३१ अंशांना उकळणारं द्रावक तुमच्या खोलीत एक ओळ शेजारच्या ओळीत मिसळायच्या आत वाळतं, पट्टे त्याचेच. ऑर्थो-डायक्लोरोबेंझिन (१८० अंश) आणि मेसिटिलीन (१६५ अंश) साधारण ७०:३० घ्या. पहिल्याने वाळणं लांबतं, दुसऱ्याने ताण उतरून शाई पसरते. प्लॅटन (काच ठेवायची तापती पाटी) ४० अंशांच्या आसपास. हे हुडखालीच करा, आणि क्लोरीनयुक्त कचरा वेगळ्या बाटलीत, बेसिनमध्ये कदापि नाही. साधे नायट्राइल हातमोजे या द्रावकापुढे फार टिकत नाहीत, थेंब पडला की लगेच बदला.

सिद्धेश्वर_प्रिंट
कापडावरच्या डिजिटल छपाईतले पिझो हेड (विजेने आकुंचणाऱ्या स्फटिकाने थेंब ढकलणारे) आणि हे हेड, दोन्हींचं दुखणं एकच: नोझल उघडं पडून राहणं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या शाईला ते फारच जाचतं. खोलीत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४५-५० टक्क्यांवर ठेवा, दोन छपायांच्या मध्ये हेड पॅडवर आणा आणि सुरू करण्याआधी थोडी शाई थुंकवा. बोअरचं पाणी धुण्यालाही वापरू नका, आपल्याकडचे क्षार नोझलमध्ये बसले की निघत नाहीत. डीआय (क्षार काढलेलं) पाणीच हवं.

पी३एचटीची नोझल मात्र वाळण्यानेच नाही, जेल होण्यानेही बंद होतात. साखळ्या फार नियमित असलेला नमुना, म्हणजे ९८ टक्के रेजिओरेग्युलर, थंड द्रावणात काही वेळात घट्ट होतो. एसी २२ वर ठेवून छापाल तर उलट त्रास वाढेल. शाई ६० अंशांवर ढवळा, ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरने गरम असतानाच गाळा, कार्ट्रिज ३५-४० अंशांवर ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. ९३-९५ टक्क्यांचा माल मिळाला तर छपाईला तोच घ्या. आणि पेडॉट पीव्हीडीएफमधून गाळा.

थेंब कॅमेऱ्यात बघता की नाही? २१ मायक्रॉनच्या नोझलला ३ सेंटीपॉइजची शाई दिली तर ओनेसॉर्ग अंकाचा (शाईची चिकटपणा आणि पृष्ठताण यांची तुलना करणारा अंक) व्यस्त १० च्या जवळ जातो, म्हणजे नीट थेंब सुटण्याच्या मर्यादेवर. मुख्य थेंबामागे बारके थेंब सुटतात आणि दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या जागेत पडतात. व्होल्टेज थोडं थोडं उतरवा, शेपटी काचेवर पोचायच्या आत मुख्य थेंबात मिसळली पाहिजे. सगळी १६ नोझल चालवायचा हट्टही नको. शेजारशेजारची तीन-चार सरळ मारणारी निवडा की, वेळ लागेल पण थर एकसारखा येईल.

वैशाली_८०नॅनो
एलईडीबद्दल. सौरघटाचा थर जागोजागी १५ टक्के कमीजास्त असला तरी घट चालतो. एलईडीत चालत नाही. अवकाशभाराने (थरात साचलेल्या विद्युतभाराने) मर्यादित प्रवाह जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो: जिथे थर १० टक्के पातळ, तिथे त्याच व्होल्टेजला सुमारे ३७ टक्के जास्त प्रवाह. तो भाग जास्त उजळतो, तापतो आणि आधी मरतो. म्हणून उघड्या काचेवर छापू नका. फोटोरेझिस्ट किंवा पॉलिइमाइडच्या बांधांत छोटे कप्पे करा, बांध शाईला न भिजणारे आणि तळ युव्ही-ओझोन देऊन शाई पसरेल असा केलेला. कडेचा कंगोरा बांधालगत राहतो, आणि पेडॉट उघडं राहून वरच्या धातूला भिडण्याचा धोका टळतो.

प्रकाश देणारी पॉलिमर बहुधा खूप लांब साखळ्यांची असतात. शाई ताणली जाते, तुटत नाही, नोझलमधून धागा लोंबतो. तिथे अर्ध्या टक्क्याच्या खालीच राहा, आणि जाडी कमी पडली तर शाईतला घन पदार्थ वाढवण्याऐवजी थेंब जवळ टाका.

मल्लिनाथ_एमएस्सी
तनुजाताई, वैशालीताई, सिद्धेश्वरदादा, खूप आभार. एकच शंका: आमच्या विभागात कार्ट्रिज मोजकी आहेत. पेडॉटचा सराव साध्या एप्सनवर केला तर?

सिद्धेश्वर_प्रिंट
पेडॉटपुरतं चालेल. एप्सनचं हेड पिझो असतं, कॅनन-एचपीच्या घरगुती मशीनसारखी शाई तापवत नाही. काच वाकत नाही म्हणून सीडी ट्रेचं मॉडेल घ्या, एल८०५ सारखं. १.१ मिलिमीटरची काच जवळजवळ सीडीइतकीच जाड. पेडॉट पिवळ्याच्या जागी भरा आणि शुद्ध पिवळा चौकोन छापा, काळा दिलात तर ड्रायव्हर बाकीचे रंग मिसळतो. उरलेल्या वाहिन्यांत डीआय पाणी ठेवा. पेडॉट चांगलंच आम्लधर्मी आहे, रात्रभर हेडमध्ये सोडू नका. क्लोरीनची द्रावकं यात अजिबात नकोत, डॅम्पर (हेडला शाई पुरवणारा छोटा कप्पा) आणि गोंद फुगून हेड कायमचं जाईल.