मदत हवी आहे: स्टँडर्ड हेराल्डच्या उजव्या एक्सलचे बोल्ट परत परत सैल होतायत

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा, शहापूर भागात राहतो. घरी वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, 1970 सालची, चार दारांची. 948 सीसीचं इंजिन मूळचंच आहे आणि ते अजून एका किल्लीत सुरू होतं. अडचण मागच्या बाजूला आहे. गेल्या आठ महिन्यांत मागच्या उजव्या एक्सल शाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) बोल्ट तीनदा सैल झाले, आणि तिसऱ्या वेळी त्यातला एक तुटून पडला. "नीट आवळून घ्या" हे उत्तर कृपा करून देऊ नका, ते तीनदा करून झालंय. बोल्ट सैल का होतात, ते मला समजून घ्यायचंय.

ज्यांनी हेराल्ड खालून बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अँबॅसडर किंवा पद्मिनीला मागे एक सलग एक्सल असतो आणि शाफ्ट त्या हौसिंगच्या आत फिरतात. हेराल्डचं तसं नाही. डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांत वाटणारी गियरची पेटी, थोडक्यात 'डिफ') चासीला पक्कं बसवलेलं आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांनी उघडे शाफ्ट चाकांपर्यंत जातात. प्रत्येक शाफ्टच्या आतल्या टोकाला एक क्रॉस जॉइंट (शाफ्टला वर-खाली वाकू देणारा सांधा) असतो, आणि त्याची फ्लँज (बोल्टांची भोकं असलेली चपटी चकती) डिफच्या फ्लँजला चार बोल्टांनी जोडलेली असते. बाहेरच्या टोकाला जॉइंट नाही. वर आडवा पाटा, आणि पुढे-मागे धरायला एक दांडी. बस्स. चाकाला आडवं धरून ठेवायचं काम हा शाफ्टच करतो. म्हणजे हे चार बोल्ट नुसती इंजिनची ताकद चाकाला देत नाहीत, वळणावर चाक जागेवर राहतं तेही त्यांच्याच जोरावर. 1972 मध्ये कंपनीने गॅझेल काढली तेव्हा मागची ही रचना सोडून सरळ सलग एक्सलच दिला. माझी गाडी मात्र त्याआधीची.

पहिल्यांदा कळलं ते म्हापशाहून चोर्ला घाटामार्गे परत येताना. कणकुंबी सोडल्यावर एक्सलरेटरवरून पाय काढला की मागून 'टक्', परत दाबला की 'टक्'. मला वाटलं क्रॉस गेला. घरी येऊन गाडी वर घेतली आणि खाली झोपून हात लावला, तर चारपैकी दोन नट बोटांनी फिरले. पाना लावला, आवळले.

दुसऱ्यांदा तवंदी घाटात, निपाणीच्या अलीकडे. तोच आवाज. या वेळी मिस्त्रीने चारही बोल्टांना स्प्रिंग वायसर टाकले, लांब पाइप लावून आवळले आणि म्हणाला, आता जन्मात हलायचे नाहीत. दोन महिने खरंच हलले नाहीत.

तिसरी वेळ मला विसरता येत नाही. जांबोटीच्या पुढे, पाऊस धो धो, मागच्या सीटवर बाबा. आधी 'टक्' होतं, त्याचं अचानक 'धाड्' झालं आणि गाडीचं बूड उजवीकडे सरकल्यासारखं वाटलं. थांबलो. एक बोल्ट नव्हताच, दुसऱ्याचा नट शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होता. शेजारच्या पंक्चरवाल्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "बोल्ट सडिल आग्यावरी, हिंग होगब्याड्री." असं जाऊ नका, हे त्याने सांगायची गरजच नव्हती. गाडी टेंपोवर घालून बेळगावला आणली. बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. ही गाडी त्यांनी स्वतः चालवून आईला कोकणात, पंढरपूरला, कुठं कुठं नेलीय. आता ते "विकून टाकूया काय?" असं विचारायला लागलेत, आणि ते मला ऐकवत नाही.

घरी उघडल्यावर जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो. दोन फ्लँजच्या मध्ये, बोल्टांच्या भोकांभोवती, तांबूस भुकटी होती. तेलात कालवल्यावर गंधासारखी होईल इतकी बारीक. उरलेल्या तीन बोल्टांपैकी दोघांच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं होतं, म्हणजे ते मेट्रिक. एकाच्या डोक्यावर तीन रेघा होत्या, म्हणजे तो जुन्या इंची मापाचा. डाव्या बाजूचे चारही बोल्ट तीन रेघांचे आहेत. डावी बाजू कित्येक वर्षांत कुणी उघडलेली नाही आणि ती एकदाही सैल झालेली नाही.

उजवा शाफ्ट गेल्या वर्षी क्रॉस बदलायला एका वर्कशॉपमध्ये काढून दिला होता. काम सुबक केलं, शाफ्ट अगदी नव्यासारखा काळा रंगवून दिला. क्रॉस आजही गच्च आहे, हाताने हलवून बघितला.

तर जाणकारांनी सांगावं: नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) वापरू, की लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारं द्रव) लावू, की बोल्टाला भोक पाडून स्प्लिट पिन घालू? आणि इंची बोल्टच शोधायचे, की मेट्रिक चालतात? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद (निपाणीहून)

दादा, मी ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं करतो. आमच्याकडं असला बोल्ट सारखा सुटायला लागला की नटाला वेल्डिंगचा एक टाका मारतो. मग कुठं जातोय तो? करून बघा.

प्रतिसाद (उद्यमबागेतून)

वरच्या दादांचा मान राखून सांगतो, टाका मारू नका. हे बोल्ट कडक केलेल्या स्टीलचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याजवळ तो ठिसूळ होतो किंवा नरम पडतो, आणि मग सैल न होता सरळ तुटतो. ट्रॉलीचं समजू शकतो, पण इथे त्या बोल्टांवर चाक आहे.

मी उद्यमबागेत मशीन शॉप चालवतो, फ्लँज आणि बोल्ट रोजचेच. तुमचं उत्तर तुमच्याच लिखाणात आहे: 'शाफ्ट नव्यासारखा काळा रंगवून दिला.' फ्लँज जिथे फ्लँजला टेकते, तिथेही रंग लागलाय काय ते आधी बघा. डावी बाजू सैल होत नाही, ती कुणी उघडली नाही आणि रंगवलीही नाही. माझी खात्री आहे, रंग निघेल.

कारण सांगतो. या जोडात ताकद बोल्टाच्या दांड्यावर जात नाही, जायलाही नको. बोल्ट आवळला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि दोन फ्लँज एकमेकींवर दाबून धरतो. त्या दाबाने जे घर्षण होतं, ते सगळं ओढतं. आता मध्ये रंगाचा थर असला, की आवळताना तो घट्ट वाटतो, पण चालताना दबतो, झिजतो आणि निघून जातो. थर किती? केसाएवढा. पण बोल्टाचा ताणही तेवढाच असतो. थर गेला की ताण गेला, ताण गेला की दाब गेला, आणि फ्लँज एकमेकींवर आडव्या घासायला लागतात. तुमची तांबूस भुकटी म्हणजे तेच, घासून निघालेलं लोखंड.

आणि आडवं घासणं हेच नटाचं मरण. 1969 साली गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने यंत्रावर प्रयोग करून दाखवलं, की बोल्टाला त्याच्या लांबीच्या दिशेने हादरे दिले तर नट सहसा फिरत नाही, पण जोड आडवा सरकायला लागला की तो आपोआप उलगडत जातो. त्या कसोटीत स्प्रिंग वायसर काही कामाचा ठरत नाही. पुरता आवळला की तो सपाट होतो, मग तो साध्या वायसरसारखाच. तुमच्या मिस्त्रीने मनापासून केलं असेल, पण दोन महिने टिकलं ते पाइप लावून आवळल्यामुळे. आणि त्याच पाइपने तो एक बोल्ट बहुतेक जास्त ताणला गेला, जो पुढे तुटला.

मेट्रिक बोल्ट आजच काढून टाका. तुमच्या गाडीचे आटे यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आहेत. 5/16 असो की 3/8, इंचात 24 आटे. मेट्रिक बोल्ट भोकात नीट बसत नाही आणि दुसऱ्या आट्याचा नट त्यावर चढला तरी तो दोन-तीन आट्यांवरच अडकतो. 'घट्ट झाला' असं हाताला वाटतं, पण दाब कुठेच नसतो. अजून एक गोष्ट फार लोक बघत नाहीत: बोल्टाचा बिनआट्यांचा भाग फ्लँजच्या जाडीपेक्षा लांब असेल, तर नट आटे संपतात तिथे जाऊन टेकतो आणि फ्लँज तशीच सैल राहते. नवा बोल्ट घालून नट लावण्याआधी तेवढं नखाने चाचपून बघा. लांब असेल तर बोल्ट बदला, वायसरवर वायसर चढवू नका.

रंग थिनरने काढा, वर बारीक पॉलिश पेपर. घासून फ्लँज वाकडी करू नका, आणि ग्राइंडर तर लावूच नका. आटे पेट्रोल किंवा थिनरने धुऊन कोरडे करा. बोल्ट नवे, नट नवे. नायलॉक नट एकदा काढला की परत वापरू नका, बोटांनी पूर्ण फिरला म्हणजे त्यातलं नायलॉन संपलं. लॉकटाइट वापरायचं तर निळं, मध्यम ताकदीचं, साध्या नटावर. दोन्ही एकत्र नको. लाल लावलंत तर पुढच्या वेळी गॅस लावल्याशिवाय निघणार नाही. स्प्लिट पिनचा विचार सोडा, ती नट पडू देत नाही, पण सैल होणं थांबवत नाही.

आवळायला टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) घ्या, आणि आवळायचं नटाच्या बाजूने, डोकं नुसतं धरून ठेवायचं. आटे कोरडे की तेलकट, हे आधी ठरवा. पाना तोच आकडा दाखवतो, पण तेलकट आट्यांवर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. शेवटी नट आणि फ्लँज दोन्हींवरून पांढऱ्या पेंटने एक सरळ रेघ ओढा. 100 किलोमीटरनंतर रेघ बघा. जुळलेली असेल तर हात लावू नका. लॉकटाइट लावलेला नट "जरा बघूया" म्हणून परत फिरवला, की त्याची पकड गेली.

आणि हो, डिफ चासीला जिथे बसतं तिथलं रबरही बघून घ्या. ते फाटलं असेल तर प्रत्येक गियरला हिसका या बोल्टांवरच येतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

अण्णा, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. शाफ्ट काढला. फ्लँजच्या टेकणाऱ्या तोंडावर रंग होता, एक नाही, दोन हात. बोल्टांच्या भोकांभोवती तो पूर्ण उडालेला आणि मध्यभागी जसाच्या तसा, चकचकीत. म्हणजे फ्लँज फक्त त्या मधल्या रंगावर टेकत होती आणि कडेने पोकळी. मी तिथे नख लावलं तर पापुद्रा निघाला. एवढ्याशा पापुद्र्याने बाबांना जांबोटीच्या पावसात उभं केलं होतं.

डिफकडची फ्लँज स्वच्छ आहे. मागचं रबर चिरलेलं निघालं, ते बदललं. तीन रेघांचे यूएनएफ बोल्ट आणि नायलॉक नट कोल्हापूरहून मागवले, चारही नवे. दांडा नखाने चाचपला, बरोबर आहे. आटे कोरडे ठेवून टॉर्क पान्याने आवळलं. चाक वर घेऊन फिरवत एकेक नट हाताखाली आणायचा, मग गियर टाकून, हँडब्रेक ओढून आवळायचा, असं केल्यावर जागा पुरते. ज्यांना पुढे करायचं असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

आजवर 260 किलोमीटर झाले. बहुतेक बेळगाव-संकेश्वर हायवेवर, आणि एकदा मुद्दाम खानापूरच्या खड्ड्यांतून. चारही रेघा जुळलेल्या आहेत. 'टक्' बंद.

आता एकच अडचण राहिलीय. ज्या भोकातला बोल्ट तुटला, ते शाफ्टकडच्या फ्लँजमधलं भोक किंचित लांबट झालंय. चार बोल्ट नीट दाबून धरतायत तोवर ते चालेल हे तुम्ही सांगितलेल्यावरून कळतं, पण या गाडीत मी ते कायमचं ठेवणार नाही. भोक मोठं करून जाड बोल्ट घालायचीही माझी इच्छा नाही, कारण मग डिफकडची फ्लँजही बिघडवावी लागेल. कुणाकडे हेराल्डचा आतला फ्लँज-योक (क्रॉस धरणारा, फ्लँज असलेला भाग) सुटा पडून असेल, बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, कुठेही, तर इथे कळवा. जुना चालेल, फक्त भोकं गोल हवीत आणि तोंडावर रंग नको.

तोवर गाडी चोर्ल्याला नेणार नाही. काल संध्याकाळी बाबांना किल्ल्यापर्यंत चक्कर मारून आणलं. परतताना त्यांनीच चालवली.