मदत हवी आहे: विहिरीच्या पाण्यातलं क्लोरीन नेमकं कुठलं, निसर्गातलं की जुन्या कीटकनाशकांचं?

नमस्कार मंडळी, मी करवीर तालुक्यातला. आमच्या उसाच्या रानात जुनी विहीर आहे, आजोबांच्या काळात पिकावर डीडीटी आणि गॅमेक्सिन या क्लोरीनवाल्या कीटकनाशकांची पावडर सर्रास मारायचे, आता तेच पाणी घरात वापरतोय आणि लहान पोरं पितात म्हणून लई काळजी लागलीय.

वाचत गेलो तर कळलं की सेंद्रिय क्लोरीनची (म्हणजे कार्बनला क्लोरीन जोडलेली) सगळीच संयुगं माणसानं केलेली नसतात, समुद्रात, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीतपण ती बनतात, एवढंच काय व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिकसुद्धा मातीतल्या बॅक्टेरियाचंच, त्यातपण क्लोरीन आहे. पाचट पेटवलं तरी धुरात क्लोरोमिथेन हे असलंच संयुग जातं. पण डीडीटी, एंडोसल्फान ही कीटकनाशकं निसर्गात बनत नाहीत (एंडोसल्फानवर सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये बंदी घातली).

माझी अडचण अशी की एओएक्स टेस्टमध्ये (पाण्यातल्या क्लोरीनसारख्या सेंद्रिय संयुगांची एकूण मोजणी) सगळी बेरीज एकत्र येते, मातीतल्या ह्युमसचं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचं) नैसर्गिक क्लोरीनपण त्यातच. मग मी डीडीटी, डीडीई (डीडीटी मोडून होणारं), लिंडेन (गॅमेक्सिनमधलं मुख्य विष) वेगवेगळं जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, एकेक रसायन वेगळं करणारं मशीन) तपासायला सांगू का? कोल्हापूर-सांगलीकडं अशी टेस्ट करणारी लॅब कुणाला माहितीय का, आणि सॅम्पल काचेच्याच बाटलीत न्यायचं ना? शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.